दुकान कशाला म्हणावे?

२०२० च्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. टाळेबंदीला महिना झाला होता. २४ एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाचा एक आदेश आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्याचा मला फोन आला. "काका, दुकानं उघडायला परवानगी दिलीय म्हणे. शॉप ॲक्टमध्ये नोंद असली की चालतंय. माझ्याकडे कागद आहे. उघडू का?" मी म्हणालो, "आधी पोलीस चौकीत विचार, मग शटर वर कर."

त्याच दिवशी केंद्राचा खुलासा आला. ही परवानगी वस्तू विकणाऱ्या दुकानांना आहे. केशकर्तनालये सेवा देतात, त्यांना हा आदेश लागू नाही. संध्याकाळी पुन्हा फोन. या वेळी त्याचा प्रश्न वेगळा होता. "मग काका, माझं दुकान हे दुकान नाहीच का?"

या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, याची मला लाज वाटली. कारण दुकान हाच माझा विषय. मी बावीस वर्षे एका एजन्सीचा सेल्समन म्हणून तालुक्यातल्या दुकानांत ऑर्डरवही घेऊन फिरलो. नोकरी सुटल्यावर आपल्या गावच्या बाजारपेठेची नीट नोंद करावी, कोणते दुकान कधीपासून आहे, काय विकते, ते लिहून ठेवावे, असे मनात आले. पदवी अर्धवट राहिलेली, संशोधनाची रीत कोणी शिकवलेली नाही. वाटले, मोजणे तर सोपे आहे. पण बाजाराचा एकच रस्ता मी तीन वेळा मोजला आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला. दुकाने तीच होती. दरवेळी माझ्या मनातली दुकानाची व्याख्या बदललेली होती. वाड्याच्या ओट्यावर बसणारा चप्पल दुरुस्त करणारा धरायचा की नाही? पिठाची गिरणी? घरातल्या पुढच्या खोलीत साड्या विकणाऱ्या वहिनी? फक्त उन्हाळ्यात उभे राहणारे रसवंतीगृह? तेव्हापासून मी मोजणी बाजूला ठेवली आणि व्याख्येच्या मागे लागलो.

आपल्या भाषेतली वर्गवारी

सरकारी कागदांकडे जाण्याआधी भाषा पाहू. दुकान हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला आणि इतका मुरला की त्याला पर्यायी मराठी शब्द आज कोणाला आठवत नाही. पण दुकानांच्या जातींसाठी मराठीत शब्दांची वाण नाही, आणि हे शब्द नीट लावून पाहिले तर त्यांत तीन वेगवेगळ्या कसोट्या दिसतात.

पहिली कसोटी जागेची. पथारी, पाल, हातगाडी, टपरी, गाळा. जमिनीवर अंथरलेल्या पोत्यापासून पक्क्या भिंतीपर्यंतचा हा चढता क्रम आहे, आणि विकणाऱ्याची पत याच क्रमाने वाढते असे बाजार धरून चालतो. दुसरी कसोटी मालाची. किराणा, भुसार, कापड, भांडी, कटलरी. या शेवटच्या शब्दाची गंमत अशी की, इंग्रजीत त्याचा अर्थ सुऱ्या-काटे-चमचे. आपल्या तालुक्याच्या गावात 'कटलरीचे दुकान' म्हणजे बांगड्या, टिकल्या, पिना, रिबिनी. तिसरी कसोटी व्यवहाराच्या रीतीची. पेढीवर पैशाची किंवा सोन्याची देवघेव होते, वखारीत माल साठवून विकला जातो, अडतीवर दुसऱ्याचा माल दलाली घेऊन विकला जातो. एकाच धान्याचा व्यापार अडतीवर, वखारीत आणि भुसाराच्या दुकानात चालतो, पण तिघांना आपण एक समजत नाही.

सलूनवाल्याच्या प्रश्नाचे मूळ मात्र याहून जुने आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाले. बलुतेदारीचा व्यवहार समजून घ्यायला ते आजही उघडावे लागते. न्हावी, सुतार, लोहार, कुंभार ही मंडळी गावाची कामे वर्षभर करत आणि सुगीला शेतकऱ्याकडून धान्याचा वाटा घेत. प्रत्येक कामाचा वेगळा दर नव्हता, येईल त्या अनोळखी गिऱ्हाइकाची सोय नव्हती. बलुतेदाराला दुकान नव्हते, त्याला घरे होती. बलुते मोडत गेले, माणसे शहरात आली, भिंतीला आरसा लागला, दर लिहिले गेले आणि कोणीही येऊन खुर्चीत बसू लागले, तेव्हा त्या धंद्याचे दुकान झाले. म्हणजे दुकान ही मुळात एक अट आहे. ठरलेली जागा, येईल त्याला दार उघडे आणि त्या-त्या कामाचे त्या-त्या वेळी पैसे. मग ते रोख असोत की वहीवर मांडलेले. या अटीवर घासले तर सलून पक्के दुकान ठरते.

कायदा काय म्हणतो

आता कागद. आपल्याकडे ज्याला सगळे 'शॉप ॲक्ट' म्हणतात आणि मुंबईत 'गुमास्ता', तो मूळचा १९४८ चा मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम. त्यातली दुकानाची व्याख्या रुंद होती. जिथे किरकोळ किंवा घाऊक माल विकला जातो ती जागा दुकान, आणि जिथे गिऱ्हाइकांना सेवा दिली जाते तीही दुकान. त्या धंद्यासाठी लागणारे गोदाम, वखार, कार्यालय हेही त्यातच. उपाहारगृहे, निवासी हॉटेले, नाट्यगृहे, कारखाने यांना मात्र त्यातून वगळून वेगळे कप्पे दिलेले होते. म्हणजे या व्याख्येने आमचा सलूनवाला दुकानदार होता आणि समोरचा भजीवाला नव्हता.

या कायद्याचा हेतू ध्यानात घेतला तर हे चमत्कारिक वाटत नाही. तो कामगारांसाठी केलेला कायदा होता. दुकान किती वाजता उघडावे, नोकराला सुट्टी कधी मिळावी, हे त्याला ठरवायचे होते. दाढी करणाऱ्या कारागिराला आणि साखर तोलणाऱ्या नोकराला सुट्टीची गरज सारखीच, म्हणून दोघांचा कप्पा एक. उपाहारगृहाच्या वेळा वेगळ्या, म्हणून त्याचा कप्पा वेगळा.

२०१७ साली हा कायदा जाऊन नवा आला. नव्या कायद्याने रेषा माणसांच्या संख्येवर ओढली. ज्या आस्थापनेत दहा किंवा अधिक कामगार, तिला नोंदणी. त्याखालच्यांनी फक्त सूचना द्यायची. लहान दुकानदाराचा त्रास वाचावा, हा उद्देश चांगलाच होता. पण आता २०२० चा तो आदेश पुन्हा वाचा. त्यात परवानगी होती ती राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली 'नोंदणी झालेल्या' दुकानांना. शब्दशः अर्थ लावला तर महाराष्ट्रातला दोन नोकरांचा किराणावाला त्यात बसत नव्हता, कारण त्याला नोंदणीची गरजच नाही असे राज्याच्या कायद्याने आधी ठरवलेले होते. तसा अर्थ कोणी लावला नाही, हे बरे झाले. पुढे २०२२ मध्ये मराठी पाट्यांची सक्ती दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही लागू झाली. पाटीपुरते ते दुकान झाले, नोंदणीपुरते नाही.

गिरणी कारखाना, किराणा व्यापार

माणसे मोजणारा कायदा एक, तर धंदा मोजणारी सरकारी यादी दुसरी. तिला राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण म्हणतात. सध्या अनेक ठिकाणी वापरात असलेली आवृत्ती २००८ ची आहे आणि ती संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक वर्गीकरणाच्या साच्यावर बेतलेली आहे. प्रत्येक धंद्याला एक क्रमांक. किरकोळ विक्रीचा विभाग ४७. त्यात मुख्यतः खाद्यपदार्थ पण इतरही माल ठेवणारे दुकान ४७११, म्हणजे आपले किराणा दुकान. हातगाडी, स्टॉल, आठवडे बाजारातले पाल यांचा गट ४७८.

या यादीची किरकोळ विक्रीची व्याख्या अशी की, आणलेला माल रूप न बदलता सर्वसामान्य गिऱ्हाइकाला घरगुती वापरासाठी विकणे. 'रूप न बदलता' या तीन शब्दांनी आमचा अर्धा रस्ता यादीच्या दुसऱ्या पानावर जातो. गिरणीत गव्हाचे पीठ होते, म्हणून गिरणी उत्पादनात. मापे घेऊन कपडे शिवणारा शिंपी उत्पादनात, त्याला १४१०५ असा स्वतंत्र क्रमांकच आहे. स्वतःच्या भट्टीत पाव भाजणारी बेकरी उत्पादनात. चहाची टपरी खाद्यसेवेत, विभाग ५६. सलून वैयक्तिक सेवेत, क्रमांक ९६०२. चार गाळ्यांच्या एका ओळीत गिरणी, किराणा, चहा आणि सलून असेल तर बाजाराच्या भाषेत ती चार दुकाने; यादीच्या भाषेत एक कारखाना, एक व्यापार आणि दोन सेवा.

मग एकाच गाळ्यात दोन धंदे असतील तर? आमच्याकडे शाळेसमोर स्टेशनरी आणि झेरॉक्स एकत्र असतात. त्यासाठी नियम आहे. ज्या कामातून मूल्यवर्धन जास्त, तो मुख्य धंदा. उदाहरणाला आकडे धरू. महिन्याला ३०,००० रुपयांच्या वह्या-पेने विकली, त्यांची खरेदी २६,००० ची. हातात राहिले ४,०००. झेरॉक्सचे १५,००० आले. कागद, शाई, वीज यांचे ६,००० गेले. राहिले ९,०००. विक्री वह्यांची दुप्पट असली तरी हे दुकान किरकोळ विक्रीत जाणार नाही, झेरॉक्सच्या ८२१९ या क्रमांकात जाईल. पाटीवर 'स्टेशनरी' मोठ्या अक्षरात असली तरीही.

हे सगळे वाचताना सुरुवातीला मला हसू आले. मग लक्षात आले की यात कर्जाचा प्रश्न अडकलेला आहे. २००६ चा सूक्ष्म, लघू व मध्यम उपक्रमांचा कायदा उत्पादन आणि सेवा यांच्यासाठी होता. नुसता व्यापार करणारा त्यात धरलेला नव्हता. म्हणजे गिरणीवाला 'उद्योजक' म्हणून अर्ज करू शकत होता, शिंपी करू शकत होता, आणि त्यांच्या मधल्या गाळ्यातला किराणावाला, ज्याच्याकडे कदाचित दोघांपेक्षा जास्त भांडवल अडकलेले, तो या कायद्याच्या लेखी कोणीच नव्हता. २ जुलै २०२१ रोजी किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना या नोंदणीत घेतले गेले, पण एका मर्यादेसह. फायदा फक्त बँकांच्या अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरता. त्या कायद्यातले थकीत बिलाच्या वसुलीचे संरक्षण उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे. त्या आदेशाने ते व्यापाऱ्याला मिळाले नाही.

लहान म्हणजे किती लहान?

'छोटा दुकानदार' हा शब्द आपण सहज वापरतो. पण छोटा कशावरून? इथेही प्रत्येक खात्याची पट्टी वेगळी.

वस्तू व सेवा कराच्या खात्याची पट्टी उलाढालीची. १ एप्रिल २०१९ पासून वस्तू विकणाऱ्याला वार्षिक ४० लाखांपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नाही, सेवा देणाऱ्याला मात्र २० लाखांपर्यंतच. उपक्रमांच्या कायद्याची पट्टी गुंतवणूक आणि उलाढाल दोन्हींची, आणि ती बरीच लांब आहे. जुलै २०२० पासून पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेला 'सूक्ष्म' होता. एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा दहा कोटी झाली. म्हणजे कोपऱ्यावरची पानटपरी आणि वर्षाला नऊ कोटींचा माल फिरवणारा घाऊक किराणावाला, दोघेही सूक्ष्म.

आकडेवारी गोळा करणाऱ्यांची पट्टी मला सर्वांत शहाणी वाटते. ते विचारतात, नियमित पगारी माणूस आहे का? नसेल तर तो 'स्वयंचलित' उपक्रम, म्हणजे घरच्या माणसांनी चालवलेला. बायको, भाऊ, शाळेतून आल्यावर गल्ल्यावर बसणारा मुलगा ही माणसे काम करतात, पण पगारी नव्हेत. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत देशात बांधकाम सोडून, कंपनी म्हणून न नोंदलेले बिगरशेती उपक्रम सुमारे ६.३४ कोटी निघाले. त्यांतले सुमारे ३६ टक्के व्यापारात होते. आणि एकूण उपक्रमांपैकी सुमारे ८४ टक्क्यांत एकही नियमित पगारी माणूस नव्हता. दहा कामगारांची रेषा या चित्रावर ठेवून पाहा. ती रेषा दुकानांच्या डोक्यावरून किती उंचावरून जाते, ते कळेल.

मी स्वतः ज्या पट्टीवर बावीस वर्षे काम केले ती यांतली एकही नव्हती. माल पुरवणाऱ्या एजन्सीच्या वहीत दुकानाचे प्रकार किराणा, जनरल, मेडिकल, पान-बिडी असे, आणि प्रत्येकाला महिन्याच्या खरेदीवरून अ, ब, क. 'क' दुकानात महिन्यातून एकदा जायचे, योजना सांगायच्या नाहीत, उधारी द्यायची नाही. दुकानदाराला हे अक्षर कधी कळत नसे. पण त्याला माल कोणत्या भावात मिळणार, हे त्या अक्षरावर ठरे. किती 'क' दुकाने केवळ 'क' लिहिली गेली म्हणून 'क' राहिली, याचा हिशेब माझ्याकडे नाही. ती अक्षरे लिहिणाऱ्यांत मीही होतो.

जे कप्प्याबाहेर राहतात

रस्त्यावर विकणाऱ्यांसाठी २०१४ साली वेगळा पथविक्रेता कायदा झाला. तो पट्टी लावतो जागेची. रस्ता, पदपथ किंवा अशा इतर जागी, तात्पुरत्या बांधणीतून किंवा फिरून विकणारा तो पथविक्रेता. त्याचे सर्वेक्षण व्हावे, त्याला प्रमाणपत्र मिळावे, नगर पथविक्रेता समितीत त्याचे प्रतिनिधी असावेत, आणि सामावून घ्यायच्या विक्रेत्यांची संख्या त्या भागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत असावी, असे त्यात आहे. जून २०२० मध्ये पथविक्रेत्यांसाठी दहा हजारांच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाची योजना आली, तेव्हा या व्याख्येला एकदम मोल आले. ज्यांचे नाव सर्वेक्षणात होते त्यांचे काम सोपे झाले. ज्यांचे नव्हते, त्यांना नगरपालिकेचे शिफारसपत्र मिळवायला फिरावे लागले. आणि भाड्याच्या लहानशा गाळ्यात तेच वडे तळणारा या योजनेत नव्हता, कारण त्याच्या डोक्यावर पक्के छत होते.

यांपेक्षाही न दिसणाऱ्या आहेत घरातून विकणाऱ्या बाया. २०१३-१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेने 'घराच्या आत', 'घराबाहेर पक्क्या बांधणीत' आणि 'घराबाहेर बांधणीशिवाय' असे तीन प्रकार केले होते. गणना देशात ५.८५ कोटी आस्थापना सांगते. पण घराच्या आतली आस्थापना मोजली जाण्यासाठी दारात आलेल्या माणसाला कोणीतरी सांगावे लागते की इथे धंदा चालतो. आमच्या त्या साड्यावाल्या वहिनींना मी विचारले, "वहिनी, तुमचं नाव दुकानांच्या यादीत घालू का?" त्या म्हणाल्या, "अहो भाऊजी, दुकान कुठलं? वेळ जातो म्हणून ठेवते चार साड्या." त्यांच्या त्या चार साड्यांवर मुलीची फी भरली जात होती, हे सगळ्या आळीला ठाऊक होते. पण व्याख्या त्यांनी स्वतःच स्वतःला नाकारली. त्यांना कर्ज नाही, विमा नाही, मोजदाद नाही.

मग मोजायचे कसे?

इतकी वर्षे या व्याख्या जुळवताना मी एका निष्कर्षाला आलो आहे. दुकानाची एकच खरी व्याख्या शोधणे, हीच माझी मूळ चूक होती. प्रत्येक व्याख्या कोणीतरी कशासाठी तरी केलेली असते. सुट्टीसाठी केलेली, करासाठी केलेली, कर्जासाठी केलेली, माल खपवण्यासाठी केलेली. ती आपल्या कामापुरती बरोबर असते. घोटाळा होतो तो एका कामासाठी केलेली व्याख्या उचलून दुसऱ्या कामाला लावली की. २०२० मध्ये रोगाचा प्रसार थांबवायचा होता, म्हणजे खरा प्रश्न होता माणसे किती जवळ येतात हा. सलून बंद ठेवायला ते कारण पुरेसे आणि प्रामाणिक होते. पण आदेशाने भाषा वापरली दुकान-नोंदणीची आणि खुलाशाने वस्तू-सेवेची. आमच्या सलूनवाल्याला बंदीपेक्षा ते जास्त लागले.

म्हणून माझ्या नव्या नोंदवहीत 'प्रकार' असा रकानाच नाही. त्याऐवजी सहा साधे प्रश्न आहेत. काय विकता किंवा काय करून देता? कुठे बसता? वर्षाचे किती महिने? घरची माणसे किती, पगारी किती? जागा कोणाची? जास्त पैसे कशातून उरतात? उत्तरे वेगवेगळी लिहायची, एका शब्दात कोंबायची नाहीत. मग कोणालाही हवा तो कप्पा नंतर करता येतो. रसवंतीवाला चार महिन्यांचा म्हणून राहतो, गिरणीवाला उत्पादकही राहतो आणि शेजारीही. ज्यांना आपल्या गावची पेठ नोंदवायची असेल त्यांनी याच वाटेने जावे, असे मी सुचवीन. यंदाच्या दिवाळीच्या खरेदीला निघाल तेव्हा एकाच ओळीतल्या दहा दुकानांना हे प्रश्न विचारून पाहा. पणत्या विकायला बसलेल्या मावशींना वगळू नका.

महाराष्ट्रात सलूने उघडायला परवानगी मिळाली ती २८ जून २०२० पासून. तीही केस कापण्यापुरती, दाढी नाही. त्या दिवशी मी त्याच्या खुर्चीत बसलो. माझ्या वहीतली त्याची नोंद मी त्याला वाचून दाखवली. घरचे दोन, पगारी एक, जागा भाड्याची, बारमाही. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "आणि वर नाव काय लिहिलंय?"

मी म्हणालो, "दुकान."